कुणालाच न द्यायचं देणं

व्हर्लिन स्कॉगस्टॅड निवृत्त झाला तेव्हा त्याची बायको आर्डिस पहिला महिनाभर काही बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या मुदत संपायच्या तारखेप्रमाणे ओळीने लावल्या. तिला दालचिनी सापडेना. दालचिनी सगळ्यांत जुनी, म्हणजे अगदी पुढे असणार, हे त्याने तिला शांतपणे समजावून सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "तू बाहेर काहीतरी बघ, व्हर्लिन." आमच्या स्टॉर्डलमध्ये नवराबायकोत एवढं बोलणं झालं की ते मोठं भांडण धरतात.

मी या गावात दातांचा दवाखाना थाटला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मिनेसोटाच्या उत्तरेकडचं तळ्याकाठचं गाव, लोक बहुतेक नॉर्वेकडच्या वंशाचे, चर्चला जाणारे, आणि दाढ ठणकत असली तरी "तसं वाईट नाही" म्हणणारे. व्हर्लिन त्यांच्यातही जरा जास्तच तसा. दूधसंघ, धान्याची कोठारं, गावोगावच्या वीज संस्था यांचे हिशेब तपासण्यात त्याची हयात गेली होती. काय काम करता असं विचारून लोक उत्तर संपायच्या आत खिडकीबाहेर बघू लागतात, त्यातलं ते काम. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण कुणी खरंच नीट विचारलं असतं तर त्याला आवडलं असतं, हे मला खुर्चीत आडव्या पडलेल्या त्याच्या डोळ्यांत अनेकदा दिसलं होतं. मीच कधी विचारलं नाही, कारण तेव्हा त्याच्या तोंडात माझे हात असायचे.

त्याला काम दिलं ते डेनी ब्रेकहसने. डेनी त्याचा शाळासोबती. सपाट बुडाच्या, वर टेबलखुर्च्या मांडलेल्या बोटी असतात ना, त्या विकायची डेनीची सहा दुकानं होती. ती त्याने एका मोठ्या कंपनीला विकून टाकली आणि हाती आलेला पैसा त्याला गप्प बसू देईना. त्याने कंपनी काढली, 'कॉपर लून'. शेअर बाजारात तिची नोंदणी झाली, आणि कचेरी म्हणून त्याने दवाखान्याच्या वरची खोली माझ्याकडूनच भाड्याने घेतली.

"कंपनी करते काय?" व्हर्लिनने त्याला विचारलं होतं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे अजून काही नाही. आधी लोकांकडून पैसे घ्यायचे. ते बँकेत कुलूपबंद ठेवायचे. मग दोन वर्षांत एखादी चांगली चालती कंपनी शोधून तिच्याशी लग्न लावायचं. नाही जमलं तर ज्याचे पैसे त्याला परत."

"मग माझं काम काय?"

"सही करायची. धंदाच नाही म्हटल्यावर हिशेब तो काय असणार?"

त्या वर्षी देशभर अशा शेकडो कंपन्या निघत होत्या, तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आर्डिसला तर फारच बरं वाटलं. रोज सकाळी व्हर्लिन डबा घेऊन माझ्या डोक्यावरच्या खोलीत जायचा, खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा, आणि मग दुपारपर्यंत काही नाही.

शेअरबरोबर कंपनीने लोकांना वॉरंटंही दिली होती. वॉरंट म्हणजे पुढच्या काही वर्षांत केव्हाही साडेअकरा डॉलरला कंपनीचा एक शेअर घ्यायचा हक्क. शेअर वीसवर गेला तरी तुम्हाला साडेअकरालाच. तो दहावरच लोळत राहिला तर वॉरंट चुलीत घालायचं. ही वॉरंटं बाजारात सुटीसुद्धा विकत मिळायची, डॉलर-दीड डॉलरला एक. सगळी मिळून एक कोटी होती. त्यातली जवळजवळ निम्मी डेनीने स्वतःच्या, म्हणजे बोटींच्या पैशातून घेतली होती. गावातही पुष्कळांनी थोडी थोडी घेतली, आपल्या माणसाची कंपनी म्हणून. धान्याच्या कोठारावरचा मॅनेजर ग्लेन टॉफ्टे याने बरीच घेतली. ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं त्यांच्यात मात्र, व्हर्लिन स्कॉगस्टॅडच्या पाठीमागे वॉरंट लागलंय, अशी कुजबुज सुरू झाली. एकीने आर्डिसला फोन करून हळूच विचारलं. आर्डिस म्हणाली, "एक नाही गं, एक कोटी आहेत."

ताळेबंदात दोन घरं असतात. एक देण्यांचं, एक मालकांचं. व्हर्लिनने ही वॉरंटं मालकांच्या घरात मांडली होती. सगळेच तसं मांडत होते. वॉरंटवाला आज ना उद्या शेअर घेऊन मालकच होणार, तेव्हा बसू दे त्याला आत्तापासून मालकांच्या पंगतीत, असा सरळ विचार. पण एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या शेअर बाजार नियामकांकडून एक निवेदन आलं की तुमचे करार जरा पुन्हा वाचा, यातली बरीचशी वॉरंटं देणी असू शकतात. व्हर्लिनने करार पुन्हा वाचला. माझी कॉफीची किटली वरच्या खोलीत होती, तिच्यासाठी मी गेलो तेव्हा तो डेनीला ती बातमी सांगत होता.

"देणं?" डेनी म्हणाला. "आपण कुणाकडून काय घेतलंय?"

"काही नाही."

"मग द्यायचं कुणाला?"

"तसं कुणालाच नाही. वेळ आली तर शेअर द्यायचे, पैसे नाहीत."

"मग देणं कसं?"

व्हर्लिनने कागद पुढे सरकवला. "हे कलम बघ. कुणी बाहेरच्याने येऊन कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घ्यायची बोली लावली, तर वॉरंटवाल्या सगळ्यांना रोख पैसे मागता येतात. शेअरवाल्या सगळ्यांना मात्र मिळतीलच असं नाही."

"कोण लावणार आहे बोली? आपल्याकडे आहे काय? डॉक्टरांची किटली."

"कुणी लावणार नाही. पण लावू शकतं. लावू शकतं म्हटलं की हे मालकांच्या घरात राहू शकत नाही. आणि दुसरं, तुझ्याकडची वॉरंटं तुझ्याकडे असेपर्यंत त्यांना एक नियम, तू दुसऱ्याला विकलीस की वेगळा. हात बदलला की किंमत बदलते. तेही चालत नाही."

"किती आहे हे देणं?"

"आजच्या भावाने एक कोटी डॉलर."

डेनी खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठ करूनच म्हणाला, "माझ्या बापाने ट्रॅक्टर रोखीने घेतला. स्वतःची शवपेटीसुद्धा रोखीने घेऊन गोठ्याच्या माळ्यावर ठेवली होती. आमच्या घराण्यात कुणी एक कोटीचं देणं केलं नाही, व्हर्लिन."

"तू केलेलं नाहीस. ते नुसतं आहे."

"बरं. आणखी काही?"

"हो. दर तीन महिन्यांनी वॉरंटांचा भाव बघायचा. भाव चढला की देणं वाढलं, म्हणून आपला तोटा. उतरला की नफा."

"उलटं बोललास."

"नाही."

"लोकांना आपण आवडलो की तोटा?"

"हो."

"आणि नाही आवडलो की नफा?"

"हो."

डेनीने माझ्याकडे बघितलं. मी दातांचा डॉक्टर, माझा काय आधार असणार. मी किटली घेऊन खाली आलो.

तर व्हर्लिनने जुना ताळेबंद दुरुस्त केला, वॉरंटं एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवली, आणि डेनी नवरी शोधायला लागला. जूनमध्ये ती सापडली. 'ड्रिफ्टहट' नावाची कंपनी बर्फावर आपोआप चालणारी मासेमारीची झोपडी बनवत होती. हिवाळ्यात आमची तळी गोठली की लोक बर्फावर लाकडी खोपट ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि आत शेगडीपाशी गळ टाकून बसतात. ड्रिफ्टहटची झोपडी स्वतः चालत जाणार, मासे कुठे आहेत ते हुंगणार, स्वतःच भोक पाडणार. माणसाने नुसतं आत बसायचं. आमच्याकडचे लोक तसेही नुसते बसायलाच जातात, पण बाजाराला ही कल्पना फार आवडली. शेअर चढला, आणि वॉरंट एका डॉलरवरून दोन डॉलर चाळीस सेंटवर गेलं.

ऑगस्टमध्ये आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर बातमी आली की कॉपर लूनला तीन महिन्यांत एक कोटी चाळीस लाख डॉलरचा तोटा.

दुसऱ्या दिवसापासून स्कॉगस्टॅडांच्या दारात हॉटडिश यायला लागली. खिमा, डबाबंद सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या, भट्टीत भाजलेलं. कुणाकडे मयत झालं, कुणाचा पाय मोडला की आमच्याकडे ते नेऊन द्यायची रीत आहे. बायका भांडं पायरीवर ठेवायच्या, तळाशी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असायचं, आणि "आम्ही आहोत" एवढं म्हणून जायच्या. व्हर्लिन प्रत्येकीला दारात उभं करून सांगायचा की हा तोटा म्हणजे आनंदाची बातमी आहे, लोकांना कंपनी आवडली म्हणून झालेला तोटा आहे. त्या मान हलवायच्या. माणूस धक्क्यात आहे, अशी त्यांची खात्री पटायची, आणि पुढच्या वेळी त्या मोठं भांडं आणायच्या. आर्डिसचा फ्रीझर भरला. त्यातली तीन भांडी मलाही मिळाली.

चर्चमध्ये पास्टर सॉल्वेगबाईंनी रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना शेवटी व्हर्लिनचंही नाव घेतलं. तो म्हणाला, "माझ्यासाठी केलेली प्रार्थना नाकारायची कशी, डॉक्टर? पण आकडा चांगला होता हो."

जानेवारीत तळ्यावर झोपडीचं प्रात्यक्षिक ठरलं. मिनियापोलिसहून वार्ताहर आले, न्यूयॉर्कहून पातळ बूट घातलेले दोन गुंतवणूकदार आले. अर्धं गाव काठावर होतं. डेनी स्वतः झोपडीत बसला. ठरल्याप्रमाणे झोपडी निघाली, झेंडा रोवलेल्या जागी गेली आणि छान गोल भोक पाडलं. लोकांनी हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या. मग झोपडी पुढे निघाली. थोड्या अंतरावर तिने आणखी एक भोक पाडलं. मग आणखी एक. डेनीने आतून बटणं दाबली असावीत, कारण दिवे लागले, विझले, आणि झोपडी तळ्याच्या त्या टोकाकडे वळली, जिथे ओढा येऊन मिळतो आणि बर्फ कधीच नीट धरत नाही.

झोपडीचा वेग माणसाच्या चालण्यापेक्षा कमी होता. डेनी दार उघडून खाली उतरला आणि तिच्या शेजारून चालायला लागला. आम्हीही सगळे मागून चाललो. कुणी धावलं नाही, तसं कारणच नव्हतं. डेनी अधूनमधून तिच्या भिंतीवर थाप मारत होता. ग्लेन टॉफ्टेने एकदा खांदा लावून ती ढकलायचा प्रयत्न केला, पण तिला चाकांऐवजी पट्टे होते आणि ती त्यालाच घेऊन निघाली. ओढ्याच्या तोंडाशी आम्ही थांबलो. ती थांबली नाही. आधी पुढचं टोक वाकलं, मग हळूहळू सगळीच गेली. शेवटी वर धुराड्याची नळी राहिली, तीही गेली.

"हं," कुणीतरी म्हणालं. "गेली."

वार्ताहरांनी सगळं टिपलं होतं. व्हर्लिन माझ्या शेजारी उभा होता, टोपीच्या कानपट्ट्या खाली ओढलेल्या. हलक्या आवाजात तो म्हणाला, "डॉक्टर, आपण बहुतेक नफ्यात जाणार."

गेलेच. ती चित्रफीत देशभर फिरली आणि वॉरंट दोन डॉलर दहा सेंटवरून तीस सेंटवर आलं. मे महिन्यात हिशेब जाहीर झाला आणि साप्ताहिकाने आजवरचा सर्वांत मोठा मथळा छापला: स्टॉर्डलच्या कंपनीला तीन महिन्यांत एक कोटी ऐंशी लाखांचा नफा.

नेमकी त्याच आठवड्यात सतरा मे आली. नॉर्वेच्या संविधानाचा दिवस, आमच्या गावची मोठी मिरवणूक. दरवर्षी कुणाला तरी उघड्या मोटारीत बसवून पुढे काढतात. त्या वर्षी समितीने डेनी आणि व्हर्लिनला बसवायचं ठरवलं. डेनी तोवर महिनाभर घराबाहेर पडला नव्हता. झोपडीबरोबर त्याच्या वाट्याची वॉरंटंही बुडाली होती, म्हणजे बोटींच्या दुकानांचा मोठा भाग. तरी तो तयार झाला. म्हणाला, "निदान एकदा तरी कुणी अभिनंदन करतंय."

व्हर्लिन मात्र नको म्हणत होता. आर्डिसने त्याची टाय बांधत विचारलं, "नाही म्हणालास तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"तुला आता आमची मिरवणूक कमी वाटायला लागली, असं म्हणतील."

तो निघाला. मोटारीच्या दोन्ही दारांना पुठ्ठ्याचे फलक होते, त्यांवर नफ्याचा आकडा. पुढे शाळेचा बँड, मागे अग्निशमनाचा बंब. मोटारीतल्यांनी दोन्ही बाजूंना टॉफ्या उधळायच्या असतात. डेनी मुठी भरभरून उधळत होता. व्हर्लिन एकेक टॉफी नेम धरून देत होता.

दवाखान्यासमोर मोटार मंदावली तेव्हा ग्लेन टॉफ्टे गर्दीतून बाहेर आला आणि दाराला हात लावून सोबत चालायला लागला. ग्लेन गडी शांत. तो म्हणाला, "अभिनंदन, व्हर्लिन."

"थँक्यू, ग्लेन."

"एक विचारू? कंपनीने एवढे कमावले, तर माझी वॉरंटं मातीमोल कशी झाली?"

इथे व्हर्लिनला काहीही सांगता आलं असतं. उद्या कचेरीत ये, म्हणता आलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कचेरीबाहेरच्या कुणीतरी त्याला त्याच्या कामातला नेमका प्रश्न विचारला होता. तो मोटारीतून वाकून म्हणाला, "तुमचं गेलं ना, ग्लेन, म्हणूनच आमचं आलं."

आणि त्याला एक टॉफी दिली.

हे वाक्य मिरवणुकीच्या आधी रस्त्याच्या टोकाला पोचलं. आमच्या गावात कुणाला राग आला की कोणी काही बोलत नाही, आणि नंतरचे दोन आठवडे व्हर्लिनशी कोणी काही बोललं नाही. पोस्टात लोक त्याला आधी जायला जागा देत होते, जरा जास्तच जागा. रविवारी त्याच्या बाकावर तो आणि आर्डिस दोघंच. हॉटडिशची भांडी मात्र एकेकीने येऊन परत मागून नेली. आर्डिसला त्याचं लागलं. "नेली तर नेली," ती मला म्हणाली, "पण नेताना तळाचं नाव तपासून बघितलं."

अशातच पास्टर सॉल्वेगबाई व्हर्लिनला भेटायला वर आल्या. चर्चचं छप्पर गळत होतं. त्यांनी सुरुवात हवापाण्यापासून केली, मग छप्पर, मग एक कोटी ऐंशी लाख.

व्हर्लिनने त्यांना बँकेचा कागद दाखवला. कुलूपबंद ठेवीला हात लावता येत नव्हता. कंपनीच्या हातखर्चाच्या खात्यात माझं दोन महिन्यांचं भाडं द्यायला जेमतेम पैसे होते.

पास्टरांनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. "म्हणजे तुमच्याकडून कुणाला काही आशा उरली नाही की तुम्ही नफ्यात?"

"बरोबर."

"आणि लोकांनी आशा धरली की तोटा."

"अगदी बरोबर, पास्टर."

"चर्चला हे लागू होत नाही, व्हर्लिन."

"नाही. तुम्ही वॉरंटं काढलेली नाहीत."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "हे तुम्ही सगळ्यांना का सांगत नाही? बुधवारी तळघरात कॉफी असते. या आणि समजावून द्या."

बुधवारी चर्चच्या तळघरात बसायला जागा नव्हती. लोक रागावलेले होते, पण खाणं आणायला विसरले नव्हते. व्हर्लिनने आदल्या रात्री आर्डिससमोर सराव केला होता. आकडे घेऊ नकोस, एवढंच ती म्हणाली. म्हणून त्याने उदाहरणाला पाय घेतली. पाय म्हणजे फळं भरून भाजलेली गोल कचोरीसारखी खायची वस्तू, उन्हाळ्यात चर्चच्या विक्रीत ती असतेच.

"समजा," व्हर्लिन म्हणाला, "पास्टरांनी तुम्हा सगळ्यांना एकेक कूपन दिलं. पुढच्या उन्हाळ्यात हे दाखवून कुठलीही पाय दहा डॉलरला घ्या. आता समजा पाय एवढ्या चांगल्या झाल्या की बाहेर लोक वीस द्यायला तयार. तुम्ही सगळे कूपन घेऊन येणार. चर्चला प्रत्येक पायमागे दहा डॉलर सोडावे लागणार. म्हणून पाय चांगल्या होणार अशी नुसती बातमी फुटली, तरी चर्चच्या वहीत तोटा मांडायचा. खिशातून काही गेलेलं नाही. पण मांडायचा."

लोक ऐकत होते. ग्लेन पुढच्या रांगेत होता. त्याने मान हलवली.

"आता समजा," व्हर्लिनला जोर चढला होता, "या वर्षी पाय वाईट झाल्या. कुणाला फुकटसुद्धा नकोत. मग कूपन घेऊन कोण येणार? कोणी नाही. चर्चने तोटा म्हणून जे मांडलं होतं ते पुसून टाकायचं. पुसलं की तो नफा दिसतो. चर्चला एक पैसा मिळालेला नाही, पाय तशाच पडून आहेत, तुमची कूपनं वाया गेली, आणि वहीत नफा. आमचं हेच झालं."

मला दिसत होतं, चेहऱ्यामागून चेहरा उजळत होता. लोकांना खरोखर समजलं होतं. ग्लेन मागे वळून बायकोला म्हणाला, "अगं, यांना काही मिळालेलंच नाही." आणि तिने सुस्कारा सोडला.

मग बर्निस उभी राहिली. चर्चच्या पाय बर्निस भाजते, निदान वीस वर्षं तरी. ती म्हणाली, "वाईट कशाने झाल्या?"

"नाही, हे समजा," व्हर्लिन म्हणाला.

"फुकटसुद्धा नकोत, म्हणालास."

"उदाहरणात, बर्निस."

"उदाहरण आर्डिसच्या पायचं का नाही घेतलंस?"

आर्डिस पाय भाजत नाही, पण तेव्हा ते कुणी बोललं नाही. बर्निसने टेबलावरच्या आपल्या दोन्ही पाय उचलल्या, एकेका हातावर एक, आणि जिना चढून गेली. त्या उन्हाळ्यात तिने विक्रीसाठी काही भाजलं नाही, आणि छपराचा फंड पुन्हा मागे पडला. व्हर्लिन दोनदा तिच्या घरी माफी मागायला गेला. दोन्ही वेळा तिने त्याला कॉफी दिली आणि सोबत दुकानातून आणलेली बिस्किटं ठेवली.

ग्लेनने मात्र त्याला माफ केलं. दुसऱ्याच दिवशी कोठारावर तो गिऱ्हाइकांना पायचं गणित समजावत होता. स्वतःचे पैसे का बुडाले ते एवढं स्पष्ट कळल्यावर त्याला त्यांचं फारसं वाईट वाटेनासं झालं.

शरद ऋतूत कंपनीची दोन वर्षांची मुदत संपली. ड्रिफ्टहट कधीच लग्न मोडून निघून गेली होती आणि दुसरी कुणी मिळाली नव्हती. शेअरवाल्यांना त्यांचे दहा डॉलर आणि वर थोडं व्याज मिळालं. वॉरंटं शून्यावर गेली. देणं शून्य झालं म्हणून शेवटच्या हिशेबात तीस लाखांचा नफा लागला. माझ्या डोक्यावर खुर्च्या हलवणारे हमाल आले होते आणि त्यांच्या मधोमध खोक्यावर बसून डेनीने त्या नफ्यावर सही केली.

"म्हणजे आता आपलं कुणाचं काही देणं नाही?" त्याने विचारलं.

"काही नाही," व्हर्लिन म्हणाला.

"आणि आहे काय?"

"तेही नाही."

डेनीने पेन खिशाला लावलं. "बापाला आवडलं असतं," तो म्हणाला. हिवाळ्याआधी तो ॲरिझोनाला मुलीकडे गेला आणि तिथे म्हणे गोल्फच्या छोट्या गाड्या विकतो. भाड्याचे थोडे पैसे राहिले होते, ते त्याने तिकडून न विसरता पाठवले.

व्हर्लिन घरी बसला नाही. पायच्या उदाहरणाची कीर्ती आजूबाजूच्या गावांत पसरली होती. त्या हिवाळ्यात शेजारच्या गावच्या चर्चने त्याला बोलावलं, मग तिथल्या वाचनालयाने, मग दूधसंघाच्या वार्षिक जेवणाला. कडाक्याच्या थंडीत करायला दुसरं काही नसतं, त्यामुळे चाळीस-पन्नास माणसं सहज जमायची आणि ऐकून घ्यायची. पायच्या जागी त्याने आता मध घेतला होता, कारण मधमाश्यांना राग येत नाही असा त्याचा अंदाज होता. कपाटातल्या बाटल्यांना त्याने पुन्हा हात लावला नाही. भाषणं कशी चालली आहेत असं मी विचारलं की तो म्हणायचा, "तसं वाईट नाही," आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

फेब्रुवारीत त्याची गाडी सुरू होईना म्हणून त्याला एका भाषणाहून मी परत आणलं. घरी पोचलो तर आर्डिसने सूप गरम ठेवलं होतं आणि मलाही बसवलं.

"किती आले होते?" तिने विचारलं.

"साठ तरी."

"कळलं त्यांना?"

"सगळं कळलं. देणं कुणालाच द्यायचं नसतं, नफा आपण बुडालो की होतो, शेवटी कुणाच्याच हाती काही लागत नाही. सगळं नीट समजलं. नंतर दोघं मागे थांबले होते."

"का?"

"ही वॉरंटं कुठे विकत मिळतात, विचारत होते."

आर्डिसने त्याच्या वाटीत सूप वाढलं. "मग तू काय सांगितलंस?"

"आमची आता मिळत नाहीत म्हणालो."

"मग?"

"त्यांना वाईट वाटलं," व्हर्लिन म्हणाला, आणि ब्रेड घ्यायला हात पुढे केला.